ॲण्ड्रसबाईंवरचं मराठी प्रदर्शन आम्ही कसं उभं केलं

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मराठी मंडळांत मुलांकडे राहायला आलेल्या आईवडिलांचा एक गट असतोच, आणि त्यात निवृत्त शिक्षक-शिक्षिका हमखास सापडतात. पेन्शन महाराष्ट्रातल्या बँकेत जमा होते, नोव्हेंबर आला की हयातीच्या दाखल्याची धावपळ सुरू होते. या पिढीपुढे इथेल पर्सी ॲण्ड्रस यांचं काम मराठीत यावं, म्हणून १ ऑक्टोबरच्या आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिनासाठी आम्ही काही जणांनी दहा फलकांचं प्रदर्शन तयार केलं. बाई लॉस एंजेलिसच्या लिंकन हायस्कूलच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्तीनंतर त्यांनी निवृत्त शिक्षकांची राष्ट्रीय संघटना उभी केली आणि सत्तरी ओलांडल्यावर एएआरपी ही सगळ्याच निवृत्तांसाठीची संस्था काढली. असं प्रदर्शन आपल्या मंडळात किंवा गावच्या ज्येष्ठ नागरिक संघात कुणाला करायचं असेल, तर ते कसं करावं आणि कुठे फसतं ते इथे सविस्तर लिहीत आहोत.

कामाचा निकष आम्ही बाईंच्याच एका कामातून घेतला. १९६१ मध्ये वॉशिंग्टनला व्हाइट हाऊसतर्फे वृद्धांच्या प्रश्नांवर परिषद भरली, तेव्हा त्यांनी ‘हाऊस ऑफ फ्रीडम’ नावाचं एक नमुन्याचं घर बांधून दाखवलं. पायऱ्या नाहीत, दारं चाकाची खुर्ची जाईल इतकी रुंद, जमीन न घसरणारी, न्हाणीघरात धरायला दांड्या, विजेची बटणं आणि प्लग वाकावं लागणार नाही अशा उंचीवर, उजेड भरपूर. म्हातारपणी हातपाय थकतात हे गृहीत धरून घर त्याप्रमाणे बदलायचं, म्हणजे माणसाला दुसऱ्यावर अवलंबून राहावं लागत नाही, असा त्यामागचा विचार होता. अशा बाईंवरचे फलक ऐंशी वर्षांच्या, मोतीबिंदू असलेल्या, काठी घेऊन आलेल्या माणसाला वाचता येत नसतील तर तो गौरव कसला? म्हणून मजकूर, अक्षर, कागद, उंची, उजेड या प्रत्येक गोष्टीला आम्ही हाच प्रश्न विचारत गेलो.

आधी मजकुराचं. बाईंची गोष्ट सांगताना बहुतेक लोक कोंबड्यांच्या खुराड्यापासून सुरुवात करतात. निवृत्त शिक्षकांच्या कल्याणाचं काम पाहत असताना त्यांना एक जुनी शिक्षिका खुराड्यात राहताना सापडली, उपचाराला तिच्याकडे पैसे नव्हते, अशी ती हकिगत आहे. ती महत्त्वाची आहेच, पण तिने सुरुवात केली की पुढचं सगळं काम दयेपोटी केलेलं वाटतं, आणि ते तसं नव्हतं. बाईंनी आधी जवळजवळ तीन दशकं शाळा चालवली होती. म्हणून आमचे पहिले चार फलक शाळेचे आहेत.

पहिल्यावर जन्म (२१ सप्टेंबर १८८४, सॅन फ्रान्सिस्को), शिकागोतलं बालपण, १९०३ ची शिकागो विद्यापीठाची पदवी आणि तिथल्या वस्तीत सेवाकार्य करणाऱ्या हल हाऊसशी आलेला संबंध. दुसऱ्यावर १९१० मध्ये कॅलिफोर्नियात परतणं, आणि १९१६ मध्ये लिंकन हायस्कूलची सूत्रं हाती घेणं. हायस्कूलच्या मुख्याध्यापकपदी बसलेल्या त्या कॅलिफोर्नियातल्या पहिल्या स्त्री. तिसरा फलक त्या शाळेच्या परिसराचा. लिंकन हाइट्समध्ये तेव्हा अनेक देशांतून आलेली कुटुंबं राहत होती, घरोघरी वेगळी भाषा. मुलं शाळेत इंग्रजी शिकत आणि आईबाप मागे पडत. बाईंनी मोठ्या माणसांसाठीही वर्ग सुरू केले. पुढे १९६३ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनला वयस्कांसाठी आजन्म शिक्षणाची संस्था काढली, तिचं मूळ या वर्गांत आहे, आणि आम्हाला हा धागा फार मोलाचा वाटतो. चौथ्यावर त्यांची स्वतःची पीएच.डी. (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ, १९३०), पूर्ण वेळ मुख्याध्यापकी सांभाळून केलेली.

पाचवा फलक १९४४ चा. आईच्या आजारपणामुळे बाई निवृत्त झाल्या. अठ्ठावीस वर्षं मुख्याध्यापिका राहूनही पेन्शन महिना साठ डॉलरांच्या थोडी वर. हा आकडा रुपयांत किंवा आजच्या डॉलरांत फिरवून सांगण्याचा मोह होतो. तो टाळावा. फलकापुढे लगेच विनिमयाच्या दरावर वाद सुरू होतो आणि मुद्दा बाजूला पडतो. आम्ही फक्त एवढंच लिहिलं: मुख्याध्यापिकेला एवढे, तर साध्या शिक्षिकेला किती? खुराड्याची हकिगत याच फलकावर, आणि शेवटी १९४७, राष्ट्रीय निवृत्त शिक्षक संघटनेची स्थापना.

सहावा फलक विम्याचा. सगळ्यात जास्त मेहनत यावर लागते आणि लोक सगळ्यात जास्त वेळ याच्यापुढे थांबतात, म्हणून जरा विस्ताराने.

त्या काळी अमेरिकेत पासष्टीपुढच्या माणसाला आरोग्यविमा मिळणं जवळजवळ अशक्य होतं. विमा प्रामुख्याने नोकरीबरोबर यायचा. कंपनीला एका मालकाकडून शेकडो लोकांचा हप्ता एकगठ्ठा मिळायचा, त्यांत तरुण-निरोगी जास्त, त्यामुळे हिशोब बसायचा. निवृत्त माणूस एकटा यायचा. त्याचा हप्ता गोळा करायचा खर्च वेगळा, आणि एकटा माणूस स्वतःहून विमा मागतो म्हणजे तो आजारी असणार अशी कंपनीची धास्ती. बाईंनी चाळीसहून अधिक विमा कंपन्यांकडे विचारणा केली आणि सगळीकडून नकार आला. मग न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावचे विमा दलाल लेनर्ड डेव्हिस यांच्याशी गाठ पडली. त्यांनी तिथल्या निवृत्त शिक्षकांसाठी गटविमा जमवला होता. १९५६ मध्ये कॉन्टिनेन्टल कॅज्युअल्टी या कंपनीमार्फत संघटनेच्या सभासदांना देशभर विमा मिळू लागला. युक्ती एवढीच होती की मालकाच्या जागी संघटना उभी राहिली: गट तिने जमवला, हप्ते एकत्र आले आणि जोखीम हजारोंवर पसरली. शिक्षक नसलेले वृद्धही विमा मागू लागले, त्यातून १९५८ मध्ये एएआरपी निघाली. पुढच्याच वर्षी टपालाने स्वस्त औषधं पाठवण्याची सोय झाली.

हे शब्दांत मांडलं की जड होतं. आम्ही दोन चित्रं काढली: एकात दहा सुटी माणसं आणि दहा बंद दारं, दुसऱ्यात तीच माणसं एका छत्रीखाली आणि एक उघडं दार. चित्राखाली चार वाक्यं. बस.

पुढची बाजूही लिहायला हवी. डेव्हिस यांनी नंतर कलोनियल पेन ही विमा कंपनी काढली, आणि बाईंच्या पश्चात १९७० च्या दशकात एएआरपी आणि या कंपनीच्या जवळिकीवर जाहीर टीका झाली. संघटना सभासदांचं हित पाहते की कंपनीचं, हा प्रश्न रास्त होता आणि अखेर ते नातं सुटलं. गौरवाच्या प्रदर्शनात हे नको, असं म्हणणारे भेटतील. आमचं मत उलट आहे. वाचणारे आयुष्यभर शाळा चालवलेले लोक आहेत, संस्था कशा चालतात ते त्यांना कळतं. निव्वळ स्तुती वाचली की त्यांचा बाकीच्या फलकांवरचाही विश्वास उडतो.

याच फलकाशेजारी आम्ही एक सुटी चिठ्ठी लावतो, आजच्या मेडिकेअरबद्दल, म्हणजे अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याबद्दल. १९६५ मध्ये मेडिकेअरचा कायदा झाला, पण भारतातून आलेल्या आईवडिलांना त्याचा लाभ आपोआप मिळत नाही. वय पासष्ट पूर्ण हवं, आणि इथे नोकरी केलेली नसेल तर ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षं वास्तव्य हवं, मग हप्ता भरून ते घेता येतं. मुलाने किंवा मुलीने भरलेला कर आईवडिलांच्या खात्यात धरला जात नाही, हे बऱ्याच घरांत माहीतच नसतं. पात्र होण्याच्या सुमारास नोंदणीसाठी सात महिन्यांची मुदत असते. ती हुकली तर डॉक्टरांच्या खर्चासाठी असलेल्या भागाचा हप्ता उशिराच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे दहा टक्क्यांनी वाढतो आणि ती वाढ पुढे चालू राहते. ही माहिती मुख्य फलकावर छापू नये, कारण नियम बदलतात. चिठ्ठी बदलता येते.

सातव्या फलकावर ओहाय गावातलं १९५४ चं ग्रे गेबल्स हे निवृत्तांचं निवासस्थान, आठव्यावर हाऊस ऑफ फ्रीडम, नवव्यावर एएआरपीचं मासिक आणि ‘सेवा घेण्यासाठी नव्हे, सेवा करण्यासाठी’ हे संस्थेचं ब्रीद. दहाव्यावर १३ जुलै १९६७ चा मृत्यू, १९७३ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांच्या नावाने उभं राहिलेलं वार्धक्यशास्त्राचं केंद्र, आणि १९९३ मध्ये राष्ट्रीय महिला गौरव दालनात झालेला समावेश.

आता अक्षरांकडे. फलक २४ बाय ३६ इंचांचा, उभा. दोन्ही कडांना दोन-दोन इंच सोडले की मजकुराला वीस इंच रुंदी उरते. इंग्रजी फलकांसाठी ३६ पॉइंट पुरेसे मानतात. देवनागरीला ते कमी पडतात, कारण वरची मात्रा-वेलांटी आणि खालचा उकार यांनाच बरीच उंची जाते आणि मूळ अक्षराचा गाभा बारीक राहतो. आम्ही ४४ पॉइंट ठेवले आणि दोन ओळींतलं अंतर दीडपट. अंतर कमी केलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात घुसतो आणि अधू नजरेला ‘कु’ आणि ‘क’ वेगळे ओळखू येत नाहीत. या मापात एका फलकावर आम्ही शंभर ते एकशे वीस शब्दच ठेवले. पहिला मसुदा हमखास याच्या तिप्पट असतो. कापताना विशेषणं आधी जावीत, तारखा आणि ठिकाणं शेवटी.

फॉण्ट सरळ, एकसारख्या जाडीचा घ्यावा. आम्ही मुक्त वापराचा ‘मुक्ता’ घेतला. वळणदार, कुठे जाड कुठे बारीक रेघ असणारी अक्षरं लग्नपत्रिकेत शोभतात, पण मोतीबिंदूच्या डोळ्याला बारीक रेघ दिसतच नाही. काही फॉण्टमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ मजकुराची भाषा मराठी निवडल्यावरच येतात, नाहीतर हिंदी वळण येतं. आपल्या ज्येष्ठांच्या नजरेला ते लगेच खटकतं.

रंगात दोनच गोष्टी पाळाव्यात. वयाबरोबर डोळ्याचं भिंग पिवळसर होतं, त्यामुळे निळा, जांभळा आणि काळा यांत फरक करणं अवघड जातं. तेव्हा निळ्या पट्टीवर काळी अक्षरं नकोत. आणि फोटोवर अक्षरं छापू नयेत, कितीही सुंदर दिसली तरी. साय-रंगाच्या पार्श्वभूमीवर काळा मजकूर, शीर्षक गडद तपकिरी, एवढं पुरे.

छपाईत सगळ्यात जास्त घोटाळे होतात, विशेषतः अमेरिकेत, कारण छापणाऱ्याला देवनागरी वाचता येत नाही. ‘शिक्षक’ची वेलांटी श नंतर पडली, ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्‌या’ झालं किंवा ‘राष्ट्र’ फुटून तीन तुकडे झाले, तर त्याला काही बिघडलंय हेच कळत नाही. कारणं ठरलेली आहेत. मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांचा पर्याय चालू नसेल तर जोडाक्षरं तुटतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉण्टमधला मजकूर आणून चिकटवला तर अर्धी अक्षरं बदलतात. छापखान्याच्या संगणकावर आपला फॉण्ट नसेल तर तो दुसराच उचलतो. उपाय असा: सगळी अक्षरं बाह्यरेषांत रूपांतरित करून, म्हणजे त्यांची चित्रं करून, मगच पीडीएफ पाठवायची, आणि मूळ फाइल आपल्याकडे जपून ठेवायची, कारण रूपांतर झाल्यावर मजकुरात दुरुस्ती करता येत नाही. आम्ही प्रत्येक फाइलच्या कोपऱ्यात, कापून टाकायच्या जागेत, एक चाचणीची ओळ ठेवतो: ‘राष्ट्रीय, दुसऱ्या, ॲण्ड्रस, हृदय, श्री, ज्ञान, शुद्ध, कॉलेज, वृद्धत्व, किर्र’. ही ओळ नीट आली की बाकीचंही बहुधा नीट असतं. तरीही छापील प्रूफ मराठी वाचणाऱ्या दोघांनी बघायचंच, एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने मूळ मजकूर हातात धरायचा.

सगळा फलक छापण्याआधी त्याचा एक तुकडा साध्या कागदावर खऱ्या मापात छापून भिंतीला लावावा आणि पाच फुटांवरून एखाद्या आजोबांकडून वाचून घ्यावा. पडद्यावर मोठं दिसणारं अक्षर भिंतीवर लहान वाटतं.

कागद मॅट. चकचकीत लॅमिनेशनवर दिव्याचा झोत परततो आणि अधल्यामधल्या ओळी गायब होतात. फोमबोर्ड हलका आणि ताठ असतो, म्हणून तो बरा.

फोटोंचं थोडक्यात. अमेरिकेत छापून ९५ वर्षं झालेलं साहित्य खुलं असतं, त्यामुळे लिंकन हायस्कूलची १९२० च्या दशकातली वार्षिकं वापरता येतात. नंतरच्या फोटोंना ज्याच्या संग्रहात ते आहेत त्याची लेखी परवानगी घ्यावी आणि श्रेय फोटोखालीच छापावं. तीन बाय चार इंचांचा फोटो बारा बाय सोळा इंचांचा करायचा तर किमान ६०० डीपीआयला स्कॅन करावा लागतो. जुन्या वार्षिकांतले फोटो ठिपक्यांचे असतात. स्कॅन करताना ठिपके घालवण्याचा पर्याय चालू ठेवला नाही तर मोठ्या छपाईत जाळी उमटते.

मांडणीत आमचा आग्रह उंचीबद्दल. प्रदर्शनात फलक उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर लावायची पद्धत आहे. पण बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्यात वाचनाचा भाग भिंगाच्या तळाशी असतो, त्यामुळे उंचावरचा मजकूर वाचायला मान मागे टाकावी लागते. अनेकांना त्यात चक्कर येते आणि तोल जातो. आम्ही फलकाची खालची कड जमिनीपासून ३० इंचांवर ठेवली, म्हणजे वरची ६६ वर आली. वरच्या भागात शीर्षक आणि फोटो, मजकूर खालच्या दोन-तृतीयांशात. चाकाच्या खुर्चीवरून आणि उभ्यानेही वाचता येतं.

ईझल, म्हणजे फलक टेकवायचे तिपायी स्टँड, वापरू नयेत. तिन्ही पाय बाहेर पसरतात, त्यांत काठी अडकते, वॉकरचं चाक अडतं, आणि फलक अंगावर येतो. कापडी पार्टिशन भाड्याने घेऊन त्यावर वेल्क्रोने फलक लावणं सगळ्यात सुरक्षित. मधला रस्ता पाच फूट मोकळा ठेवला की चाकाची खुर्ची वळते. दर दोन फलकांमागे दोन खुर्च्या, हातांच्या, कारण उठताना हातांवर भार द्यावा लागतो. त्या रस्त्यात नकोत, फलकांसमोर पण भिंतीकडे. खिडकीच्या शेजारी किंवा खिडकीपुढे फलक लावू नये. मागून प्रकाश आला की मोतीबिंदूच्या डोळ्यात तो पसरतो आणि अक्षर पुसल्यासारखं होतं. दिवे वरून, तिरपे. पार्श्वसंगीत नको, कानातल्या यंत्रात त्याचा नुसता गोंगाट होतो.

क्यूआर कोड लावून ध्वनिफीत ऐकवायची कल्पना चांगली वाटते, प्रत्यक्षात ती नातवंडंच वापरतात. त्यापेक्षा दोन वाचक नेमावेत, जे मागेल त्याला फलक वाचून दाखवतील. निवृत्त शिक्षक हे काम फार मनापासून करतात, आणि खरं तर प्रदर्शनाचा सगळ्यात जिवंत भाग तोच ठरतो. वाचता वाचता आपल्या शाळेतले, पतपेढीतले, पेन्शनच्या फायलींचे अनुभव निघतात आणि फलकाभोवती गट जमतो. त्यासाठी वेळ सकाळी दहा ते बारा ठेवावी. जेवणानंतर गर्दी असते पण कुणी वाचत नाही.

ज्यांना उभं राहणं जमत नाही त्यांच्यासाठी सगळा मजकूर २२ पॉइंटमध्ये छापून, स्पायरल बांधणीची पुस्तिका ठेवावी. ती मांडीवर सपाट उघडी राहते, धरून ठेवावी लागत नाही. वीस प्रती पुरतात, पण त्या परत घेण्याचा आग्रह नको. घरी नेल्या तर उत्तम.

प्रदर्शन दुसऱ्या मंडळाला द्यायचं असेल तर फलकांच्या मधे साधा कागद घालून ते आडवे, सपाट न्यावेत. बंद गाडीत उन्हात उभे ठेवलेले फोमबोर्ड वाकतात आणि मग वेल्क्रो सुटतो. सोबत बाह्यरेषांच्या फाइली, मूळ मजकूर, फोटोंच्या परवानग्या आणि उंची-अंतरांची मापं लिहिलेला एक कागद द्यावा. मेडिकेअरच्या चिठ्ठीवर मात्र छापल्याची तारीख ठळक घालावी, आणि नवं वर्ष लागलं की जुनी फाडून टाकून, सरकारी माहिती पुन्हा ताडून नवी लावावी. फलक कुणाकडेही असोत, ही जबाबदारी एका नेमक्या माणसाकडे असली पाहिजे.